मंजूर प्रेक्षक

आमच्या विद्यापीठाच्या संज्ञापन, माध्यम आणि नाट्यविद्या विभागात प्रेक्षकाचं एक मंजूर पद होतं. विभागप्रमुखाचं असतं, हेडक्लार्कचं असतं, दिव्यांच्या खोलीत बसणाऱ्या वायरमनचं असतं, तसंच हे. पूर्णवेळ आणि कायम. त्या पदावर एक माणूस सव्वीस वर्षं बसला. बसला म्हणजे शब्दशः बसला, तिसऱ्या रांगेत, डावीकडून सातव्या खुर्चीवर.

या पदामागे जुन्या नियमावलीतलं एक वाक्य होतं. ‘ज्या प्रयोगास प्रेक्षक नाही तो तालीम समजला जाईल आणि तालमीस गुण देता येणार नाहीत.’ आता प्रेक्षक कोणाला म्हणायचं? परीक्षकाला म्हणता येईना, तो तपासायला आलेला. वर्गातल्या मुलांना म्हणता येईना, ती आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसलेली. आईबाप, मामा, मावश्या तर नकोतच, कारण त्यांना नाटक कसंही झालं तरी आवडतं. म्हणून नातेवाईक बाद, असं नियमावलीत वेगळं कलम होतं. सुरुवातीला रस्त्यावरून कोणालाही बोलावून आणायचे. पण एक गृहस्थ अर्ध्यातून उठून गेला, दुसरा पहिल्याच प्रवेशात घोरायला लागला आणि अख्ख्या वर्षाची परीक्षा तालीम ठरली. त्यानंतर विद्यापीठाने पद मंजूर करून घेतलं.

मुलाखतीला आठ जण आले होते. सगळ्यांना एका मोकळ्या भिंतीसमोर तासभर बसवलं. सात जणांनी घड्याळ बघितलं, पाय हलवले, एकाने खिशातून चणे काढून खाल्ले. आठवा भिंतीकडे बघत राहिला. तास झाल्यावर त्याला विचारलं, “भिंत कशी वाटली?”

तो म्हणाला, “अजून संपली नाही.”

त्याच दिवशी त्याला नेमणुकीचं पत्र मिळालं.

आम्ही विद्यार्थी त्यांना ‘तिसरी रांग’ म्हणायचो. तोंडावर काका, मागे तिसरी रांग. परीक्षेच्या दिवशी मेकअप करताना पहिला प्रश्न हाच असायचा, “तिसरी रांग आली का रे?” परीक्षक तासभर उशिरा आला तरी कोणाचं काही बिघडत नसे. तिसरी रांग मात्र कधी उशिरा आली नाही. राखाडी शर्ट, मांडीवर दोन्ही हात, आणि चेहरा असा की त्यावर काहीही टेकवून ठेवावं. हसायचं नाही, रडायचं नाही, खोकायचं नाही, परीक्षकावर परिणाम होता कामा नये. प्रयोग संपला की रजिस्टरवर लिहायचं, ‘प्रयोग पाहिला’, आणि खाली सही.

एकदाच त्यांना दोन दिवस ताप आला. त्या दोन दिवसांत अकरा जणांच्या परीक्षा झाल्या होत्या, त्या सगळ्या तालमी ठरल्या. त्यात एका मुलीने असं काम केलं होतं की परीक्षक ढसाढसा रडला होता. त्याला पुढच्या आठवड्यात परत यावं लागलं. दुसऱ्या खेपेला त्याला तितकं रडू आलं नाही, आणि मुलीचे चार गुण गेले.

माध्यम शाखेत त्यांच्यासारखंच श्रोत्याचं पद होतं. रेडिओच्या अभ्यासक्रमासाठी. श्रोते काचेमागच्या खोलीत डोळे मिटून बसायचे, कारण ऐकताना बघायचं नाही हा त्यांचा नियम. दुपारी दोघे कँटीनच्या कोपऱ्यात समोरासमोर चहा घ्यायचे. एक बघायचा आणि दुसरा ऐकायचा, त्यामुळे बोलायला कोणी उरत नसे. आम्हाला वाटायचं, यांचं भांडण आहे. पण चांगली मैत्री होती.

सव्वीस वर्षं एखादं काम केलं की ते माणसाच्या अंगात मुरतं. सुताराच्या हाताला रंध्याचं वळण येतं. यांना बघण्याचं आलं.

घरी दूध तापत ठेवून काकू म्हणजे त्यांची बायको कपडे वाळत घालायला जायच्या. जाताना सांगायच्या, “अहो, दुधाकडे बघा हं जरा.” आणि ते बघायचे. दुधावर साय धरायची, कडेला बुडबुडे यायचे, दूध वर चढायचं, काठावर येऊन क्षणभर थांबायचं आणि मग ओट्यावरून खाली जमिनीवर. काकू धावत यायच्या.

“अहो, गॅस बंद नाही का करायचा!”

“मला वाटलं, पुढे काहीतरी होईल.”

“झालं की पुढे! आता पुसतेय ना मी!”

आणि ते पुसणंही शेवटपर्यंत बघायचे.

त्यांची धाकटी बहीण एकदा घरातल्या वाटणीवरून भांडून, रडत रडत त्यांच्याकडे आली. ती पाऊण तास बोलली. हे समोर मांडीवर हात ठेवून बसले होते. ती थांबली तेव्हा त्यांनी मान हलवली, प्रयोग संपल्यावर हलवत तशीच. बहीण उठून उभी राहिली. “दादा, मी नाटक नाही करत आहे!” ती जी गेली ती दोन वर्षं आली नाही. ती गेलेलीही त्यांनी दारातून नीट बघितली, जिन्याच्या वळणापर्यंत.

वाईट माणूस नव्हता हो. त्यांना सगळं दिसायचं. काकूंनी नवी साडी नेसली तर दिसायची, काकू रडल्या तर दिसायचं. दिसल्यावर आणखी काही करायचं असतं, एवढंच कुठेतरी गळून गेलं होतं.

काकूंनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी आमच्या विभागात प्रवेश घेतला. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना एक जागा राखीव होती, ती कितीतरी वर्षं कोणी घेतली नव्हती. आम्ही वीस-बावीस वर्षांचे, त्या आमच्या आईपेक्षा मोठ्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनी सांगायचं होतं की नाटक का शिकायचं आहे. कोणी समाज म्हणालं, कोणी आत्मा म्हणालं. काकू म्हणाल्या, “आमचे हे बघण्याचा पगार घेतात. म्हटलं, तिथे जाऊन उभं राहून बघू या काय होतं ते.”

पहिल्या वर्षाचं नाटक सगळ्या वर्गाचं मिळून होतं. गर्दीतली दुसरी बाई काकूंना मिळाली. पडदा वर गेला आणि तिसऱ्या रांगेने आपली बायको स्टेजवर पाहिली. पापणी हलली नाही. संध्याकाळी घरी ते म्हणाले, “आज तू आली होतीस.”

“आठ महिने झाले येतेय. सांगितलं होतं तुम्हाला जेवताना.”

“हो?”

“हो म्हणजे काय! तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि मान हलवलीत.”

हे आम्हाला काकूंनीच सांगितलं. सांगताना त्या हसल्या, आणि मग बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसल्या.

दोन वर्षं कोणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण समूहाच्या प्रयोगात रजिस्टरवर फक्त वर्गाचं नाव लिहितात. तिसऱ्या वर्षी एकल प्रयोग. वीस मिनिटं, एकटीने. हेडक्लार्कने यादी टंकली आणि आडनावापाशी त्याचं बोट थांबलं. त्याने नियमावली काढली, चष्मा पुसला आणि विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत काका-काकू दोघांना बोलावून घेतलं. वर्गाची प्रतिनिधी म्हणून मीही दाराशी उभी होते.

“नातेवाईक प्रेक्षक चालत नाही,” हेडक्लार्क म्हणाला. “आणि प्रेक्षक एकच आहे. म्हणजे काकूंचा प्रयोग तालीम ठरणार.”

“मग पुढच्या वर्षी देईन,” काकू म्हणाल्या.

मॅडमनी डोळ्यांवरून हात फिरवला. “पुढच्या वर्षी हा अभ्यासक्रमच नाही, काकू. नवा येतोय. तुमची तीन वर्षं त्यात धरली जाणार नाहीत. यंदा नाही, तर मग पदवी नाहीच.”

तिसरी रांग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आम्हा सगळ्यांकडे बघत होती.

“दुसरा प्रेक्षक नेमा,” काकू म्हणाल्या.

“जाहिरात, अर्ज, छाननी, भिंत. अकरा महिने लागतात,” हेडक्लार्क म्हणाला. मग जरा घुटमळून, “मी दुसरीही चौकशी केली होती. घटस्फोटाची. एका दुपारपुरता देत नाहीत.”

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं चौकशी करायला?”

“काकू, तुमच्याच भल्यासाठी.”

“भल्यासाठी म्हणे! सव्वीस वर्षांत माझ्या मनात आलं नाही ते तुम्ही टेबलावर बसून करून आलात!”

मॅडमनी मधला मार्ग काढला. श्रोत्यांना बसवायचं. काकांच्या त्या तापानंतर नियमावलीत श्रोत्याची सहीही चालते असं जोडलं होतं, फक्त प्रयोगात संवाद ऐकू यायला हवा.

“माझ्या प्रयोगात संवाद नाही,” काकू म्हणाल्या. “मुका प्रयोग आहे.”

“एखादं वाक्य टाका की. एकच.”

“कुठून टाकू? त्या घरात कोणी बोलतच नाही.”

“भांड्यांचा आवाज तर होईल?” मॅडमनी हेडक्लार्कला विचारलं.

त्याने पान उलटलं. “तो पार्श्वध्वनी. त्याची सही नाही. इथे व्याख्या दिली आहे. ‘एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी केलेला आवाज म्हणजे संवाद. बाकी सर्व पार्श्वध्वनी.’ आणि काकू तर एकट्याच आहेत.”

शेवटी ठरलं ते असं की श्रोत्यांना शेवटच्या रांगेत बसवायचं आणि काय होतं ते बघायचं. म्हणजे ऐकायचं. राहता राहिली तिसरी रांग. ती ड्युटीवर असणार, आणि ड्युटीवर असताना तिला खुर्ची सोडता येत नाही. हेडक्लार्कने त्यांना समजावून सांगितलं, “काका, त्या दिवशी तुम्ही खुर्चीत असाल, पण प्रेक्षक म्हणून बसलेले नसाल. समोर बघितलंत तरी बघितलं असं धरलं जाणार नाही. लक्षात राहील ना?”

त्यांनी मान हलवली.

परीक्षेच्या सकाळी काकूंनी घरातली छोटी शेगडी, पातेलं, दोन कपबश्या आणि एक वर्तमानपत्र पिशवीत भरलं. ते दोघं विभागात चालत आले. मी फाटकापाशी होते, पिशवीचा एक बंद मी धरला. काकांनी अचानक विचारलं, “किती वेळाचं आहे?”

काकू थबकल्या. मला वाटतं, पिशवीपेक्षा त्यांना तो प्रश्नच जड गेला. “वीस मिनिटं.”

“मध्ये उठता येत नाही.”

“असं नियमात आहे का?”

ते विचार करत राहिले. नाट्यगृहाच्या पायऱ्या आल्या तेव्हा म्हणाले, “नियमात नाही. पण मी कधी उठलो नाही.”

“मग बसा की. तुम्हाला कोण उठा म्हणतंय?” आणि त्या माझ्या हातातला बंद ओढून घेऊन आत गेल्या.

नाट्यगृह तीनशे खुर्च्यांचं. बाहेरगावचे परीक्षक पहिल्या रांगेत, मॅडम त्यांच्या शेजारी. आम्ही मुलं बाजूच्या भिंतीला टेकून. शेवटच्या रांगेत श्रोते, डोळे मिटून. आणि तिसऱ्या रांगेत, नियमाप्रमाणे नसलेले, काका.

दिवे आले. स्टेजवर ओटा, टेबल, एक खुर्ची. खुर्ची रिकामी. काकू आल्या आणि त्यांनी त्या खुर्चीसमोर कप ठेवला. मग कप थोडा जवळ सरकवला. मग कपाचा कान पलीकडच्या बाजूला आहे म्हणून तो फिरवला. वर्तमानपत्राची घडी मोडून परत घातली, हवं ते पान वर येईल अशी. इतकंच. तालमीत आम्ही हे वीस वेळा पाहिलं होतं, पण तेव्हा ते गंमतशीर वाटायचं. मग त्यांनी खुर्चीला एक गोष्ट सांगितली, हातांनी. बाजारात कोणीतरी घसरून पडलं होतं, त्याची टोपी गाडीखाली गेली, गाडीवाल्याने ती उचलून आपल्याच डोक्यावर घातली. सांगता सांगता काकू आवाज न करता हसल्या, टेबलाला धरून हसल्या, आणि खुर्चीकडे बघून थांबल्या. थांबूनच राहिल्या. हसू चेहऱ्यावरून उतरायला किती वेळ लागतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

भिंतीकडचा एक मुलगा फस्सकन हसला आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला. तिसरी रांग स्तब्ध होती.

सतराव्या मिनिटाला काकूंनी शेगडी पेटवली आणि पातेलं ठेवलं. दूध खरं होतं. मग त्यांनी शेगडीकडे पाठ केली आणि नसलेल्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. शेवट ठरलेला होता. परीक्षकांच्या हातातल्या कागदावर टंकलेला होता, ‘दूध उतू जाते. अंधार.’ दिव्यांच्या खोलीत वायरमन बटणावर बोट ठेवून उभा होता.

नाट्यगृहात दूध तापताना ऐकू येतं. आधी नुसती एक घरघर, मग कडेने फेस धरल्यासारखा आवाज. साय मध्यभागी फुगली. सगळं पांढरं काठाकडे सरकायला लागलं, काठावर आलं आणि तिथे ते क्षणभर थांबतं तसं थांबलं.

करकर आवाज झाला.

आम्हाला कळेना कुठून. त्या नाट्यगृहातल्या खुर्च्या उठलं की आपोआप मिटतात, तिसऱ्या रांगेतली सातवी मात्र प्रयोग चालू असताना कधी मिटलीच नव्हती. काका उठले होते. परीक्षकांच्या समोरून गेले, “जरा हं,” असंही म्हणाले नाहीत. स्टेजच्या चार लाकडी पायऱ्या चढले. तिसरी पायरी सैल आहे हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, सव्वीस वर्षं आमच्यासारख्यांना तिच्यावरून चढताना बघितलेल्या माणसाला नव्हतं. त्यांना ठेच लागली, ते हातावर पडता पडता सावरले, धावले. धावताना त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, काकूंनीही नसावं.

खटकन आवाज झाला आणि शेगडी बंद झाली. फेस खाली बसला. ओट्यावर थेंबही पडला नाही.

वायरमनला काय करावं कळेना. दूध उतू गेलं नव्हतं, म्हणून त्याने अंधारही केला नाही. काका शेगडीच्या बटणावर हात ठेवून भर उजेडात उभे होते आणि तिथून दिसणाऱ्या तीनशे खुर्च्यांकडे बघत होते. चेहरा तसाच. फक्त धाप लागली होती.

काकू वळल्या. हे तालमीत नव्हतं. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग त्यांच्या गुडघ्याकडे, तिथे विजारीला धूळ लागली होती. त्यांनी पदराने ती झटकली.

मग वायरमनने अंधार केला, स्वतःच्या जबाबदारीवर.

दिवे परत आले तेव्हा परीक्षक उभे राहिले होते. “हे गृहस्थ कोण?”

“प्रेक्षक,” मॅडम म्हणाल्या.

“प्रेक्षक नव्हेत,” हेडक्लार्क म्हणाला. “ते नातेवाईक आहेत, म्हणून ते आज नव्हतेच.”

“नव्हते तर गॅस कोणी बंद केला?”

याचं उत्तर नियमावलीत नव्हतं. हेडक्लार्कने तरी दोन पानं उलटून पाहिली. एकल प्रयोगात दोन माणसं आली म्हणून तो एकल नाही. प्रेक्षक स्टेजवर चढला म्हणून प्रेक्षक नाही. म्हणजे ही तालीम. सगळेच बोलायला लागले. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या, पातेल्यावर झाकण ठेवत होत्या, आणि तीन वर्षं आपल्या हातातून जाताहेत हे त्यांना समजत होतं, कारण झाकण नीट बसलं तरी त्या ते परत परत बसवत होत्या.

शेवटच्या रांगेतून श्रोते खाली आले. त्यांनी डोळे आता उघडले होते आणि उजेडाने ते मिचकावत होते. हेडक्लार्कच्या हातातलं रजिस्टर त्यांनी मागून घेतलं आणि टेकायला जागा नव्हती म्हणून परीक्षकांच्या पाठीवर टेकवून लिहिलं.

हेडक्लार्कने मोठ्याने वाचलं. “‘ऐकले. खुर्ची, पावले, ठेच, बटण.’ अहो, पण हा तर पार्श्वध्वनी!”

“तुमची व्याख्या वाचा,” श्रोते म्हणाले. त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. चांगला खर्जातला होता. “एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी केलेला. वाचा ना.”

हेडक्लार्कने वाचली. परत वाचली. मग परीक्षकांकडे बघितलं. परीक्षकांनी दोन वेळा घसा साफ केला आणि खाली बसून गुण मांडले. टंकलेल्या शेवटाप्रमाणे दूध उतू गेलं नाही म्हणून पाच गुण कापले. काकू दुसऱ्या श्रेणीत पास झाल्या.

आठवड्याभराने काकांना मेमो आला. ‘प्रयोग चालू असताना आपण जागा का सोडली याचा खुलासा करावा.’ त्यांनी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिलं, ‘दूध उतू जात होते’, आणि खाली सवयीने ‘प्रयोग पाहिला’ लिहून सही केली. ते दोन शब्द मग खोडले. प्रेक्षक म्हणून ते आता विश्वासाचे राहिले नाहीत असं ठरलं आणि त्यांची बदली दिव्यांच्या खोलीत झाली. तिथे दिवे लावायचे आणि घालवायचे, बघायचं फारसं काही नसतं. सातव्या खुर्चीसाठी जाहिरात निघाली. विभागात गेलं तर बोळात एका भिंतीसमोर बसलेले उमेदवार अजून दिसतात.

पुढच्या वर्षी पदवीचं प्रमाणपत्र आणायला मी विभागात गेले, तेव्हा तिथे भेटलेल्या काकूंनी मला घरी नेलं. दोन खोल्या, ओटा, टेबल, खुर्ची, सगळं स्टेजवर होतं तसंच, फक्त खिडकी खरी. काकूंनी दूध तापत ठेवलं आणि मला दाखवायला आपलं प्रमाणपत्र काढायला आतल्या खोलीत गेल्या. काका शेगडीपाशी येऊन उभे राहिले, बटणावर बोटं. दूध अजून नुसतं कोमट झालं असेल. त्यांनी गॅस बंद केला.

“अहो!” आतून काकू ओरडल्या. “तापू तर द्या जरा! रोज काय हे, कच्चं दूध प्यायचं का आम्ही?”

“वर येत होतं,” काका म्हणाले.

“कुठे येत होतं!”

त्यांनी गॅस परत लावला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “येत होतं ना गं?”